कात्री धरणाऱ्यांना डोक्याची त्वचाही ओळखता यावी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नऊ वर्षे माझ्याकडे नियमित येणाऱ्या एका शिक्षिकेच्या भांगालगत रुपयाच्या नाण्याएवढी जागा विरळ झाल्याचे सर्वांत आधी मी पाहिले, आणि तरीही त्या जागेवरचे केस कायमचे गेले. ही गोष्ट मी आज जाहीरपणे लिहीत आहे, कारण ती माझ्या एकटीच्या अज्ञानाची नाही. बडोद्यातील दांडिया बाजारात गेली सव्वीस वर्षे मी महिलांसाठी केशकर्तनाचे दुकान चालवते. त्या बाईंच्या डोक्यावरची ती जागा गुळगुळीत आणि किंचित चकाकणारी होती, कडेच्या केसांच्या मुळाशी लाली होती, बारीक खवले होते, आणि तिथे खाज येते, आग होते, असे त्या स्वतः सांगत होत्या. मी त्याला कोंडा समजले आणि सहा महिने तेलाचा मसाज, वाफ आणि हेअर स्पा करत राहिले. अखेरीस त्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या, त्वचेचा लहानसा तुकडा तपासला गेला आणि लायकेन प्लॅनोपायलॅरिस असे निदान झाले. या आजारात केसाच्या मुळाभोवती दाह होऊन मूळच नष्ट होते आणि त्या ठिकाणी व्रण उरतो, त्यामुळे औषधाने आजाराचा फैलाव थांबवता येतो, पण गेलेले केस परत येत नाहीत. पहिल्याच महिन्यात मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवले असते, तर ती जागा नाण्याएवढीच राहिली असती. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही आणि आजही त्या माझ्याकडेच केस कापून घेतात, तरीही त्यांचा भांग पाडताना माझा हात दर वेळी थबकतो.

स्वतःच्या डोक्याचा मागचा भाग कोणालाच दिसत नाही. घरातील माणसेही मोठ्या माणसाचे डोके निरखून पाहत नाहीत, आणि डॉक्टरांकडे आपण जातो ते बहुधा गोष्ट हाताबाहेर गेल्यावर. याउलट दर महिन्या-दीड महिन्याने चांगल्या उजेडात ओले आणि कोरडे केस बटाबटांनी वेगळे करून डोके पाहणारी एकच व्यक्ती असते, आणि ती म्हणजे केस कापणारी किंवा कापणारा. या व्यक्तीला आपण कापणे, रंगवणे, सरळ करणे आणि सजवणे शिकवतो. औपचारिक अभ्यासक्रमात डोक्याच्या विकारांची नावे येतात, पण खरे रुग्ण दाखवले जात नाहीत, आणि आमच्यापैकी कितीतरी जणी तर कोणत्याही वर्गात न जाता एखाद्या दुकानात हाताखाली राहूनच शिकलेल्या असतात. पुरुषांच्या सलूनमध्ये काम करणाऱ्या वाळंद आणि नाभिक बांधवांची स्थितीही वेगळी नाही.

ही उणीव ओळखून बाजाराने तिचा धंदा केला आहे. त्या शिक्षिकेच्या प्रसंगानंतर मी एका कंपनीच्या तीन दिवसांच्या वर्गाला गेले होते. पहिल्या दिवशी केसाची रचना सांगण्यात आली, दुसऱ्या दिवशी त्या कंपनीची उत्पादने समजावण्यात आली आणि तिसऱ्या दिवशी ती कशी विकायची ते सांगून माझ्या हाती ट्रायकॉलॉजिस्ट असे छापलेले प्रमाणपत्र ठेवण्यात आले. सोबत संगणकाला जोडायचा एक कॅमेराही विकत घ्यायला सांगत होते. डोक्याची त्वचा शेकडो पटींनी मोठी करून पडद्यावर दाखवली, तर पूर्णपणे निरोगी डोकेही भयंकर दिसते, आणि घाबरलेले गिऱ्हाईक बारा बैठकांचे पैसे आगाऊ भरते, हे त्या वर्गात उघडपणे सांगितले गेले. ते प्रमाणपत्र मी दुकानात लावलेले नाही. केसांच्या अभ्यासाला ट्रायकॉलॉजी म्हणतात आणि लंडनमध्ये ट्रायकॉलॉजिस्टांची संस्था १९०२ सालापासून आहे, हे खरे. पण ट्रायकॉलॉजिस्ट म्हणजे डॉक्टर नव्हे, आणि तीन दिवसांत तर कोणी काहीच होत नाही. आपल्याकडे औषधांविषयीच्या १९४५ च्या नियमांतील 'जे' परिशिष्टात टक्कल आणि नवे केस उगवणे यांचा समावेश आहे, म्हणजे कोणत्याही औषधाने ते बरे करण्याचा दावा करायचा नाही. तरीही अलकापुरीपासून मांजलपूरपर्यंत नवे केस उगवून देण्याचे वचन देणारे फलक उभे आहेत.

खरे शिक्षण मला नंतर मिळाले. आपल्याच शहरातील एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी, रुग्णांच्या संमतीने, आठवड्यातील एक दुपार मला त्यांच्या दवाखान्यात बसू दिले, आणि चार महिन्यांत मी जे पाहिले ते त्याआधीच्या वीस-बावीस वर्षांत पाहिले नव्हते. खरे तर दिसले होते, पण कळले नव्हते. गळलेला केस हातात घेऊन त्याच्या टोकाशी पांढरी गाठ आहे का, हे पाहण्याची साधी सवय मला तिथे लागली. गाठ असेल तर केस मुळापासून सुटलेला असतो आणि नसेल तर तो मध्येच तुटलेला असतो. तुटण्याचे कारण बहुतेक वेळा आमच्याच दुकानात असते, ब्लीच, स्मूदनिंग, तापलेली इस्त्री. मुळापासून सुटण्याचे कारण मात्र शरीरात शोधावे लागते. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि रोज ५० ते १०० गळणे स्वाभाविक असते, हे गिऱ्हाइकाला शांतपणे सांगता आले, तरी निम्मी भीती जाते. चाळीस ते साठ केसांची बट बोटांत धरून हलक्या हाताने ओढली आणि दहा टक्क्यांहून अधिक केस हातात आले, तर गळती चालू आहे असे समजतात. ही चाचणी करायला यंत्र लागत नाही, फक्त आदल्या दिवशी केस धुतलेले नसावेत.

बडोद्यात पावसाळ्यानंतर डेंग्यूची साथ येते आणि दिवाळीच्या सुमारास माझ्या दुकानात रडवेल्या चेहऱ्याने मुली येतात. मोठ्या तापाने, बाळंतपणाने, शस्त्रक्रियेने किंवा कडक उपासाने वाढीच्या अवस्थेतील पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात, आणि ती अवस्था सुमारे तीन महिन्यांची असल्यामुळे गळती दोन-तीन महिन्यांनी सुरू होते. तोपर्यंत ताप विसरला गेलेला असतो आणि दोष शाम्पूला किंवा बोअरवेलच्या पाण्याला दिला जातो. अशा मुलीला मागच्या चार महिन्यांत काय झाले होते, एवढा एकच प्रश्न विचारायचा असतो. गेल्या कार्तिकात अशा एका मुलीला मी कोणतीही बैठक न विकता धीर धरायला सांगितले, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्यायला लावले, आणि होळीपर्यंत तिच्या कपाळाच्या कडेला नवे बारीक केस उभे राहिलेले मी स्वतः पाहिले. रक्त तपासायला सांगणे हा माझा आगाऊपणा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, गुजरातमधील १५ ते ४९ वर्षांच्या सुमारे ६५ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. लोहाची कमतरता असलेल्या बाईला मी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची डबी विकली, तर तिचा आजार तसाच राहील. शिवाय अधिक मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉईडसारख्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणजे डॉक्टरांचीही दिशाभूल व्हायची. ही गोष्ट बायोटिन विकणाऱ्या कितीजणींना ठाऊक आहे?

चाईला इथे गुजरातीत उंदरी म्हणतात. तिच्यात गोल, स्वच्छ चकता पडतो, त्वचा जवळजवळ नेहमीसारखी असते आणि कडेचे काही केस मुळाशी बारीक व वर जाड असतात. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटल्यामुळे हे घडते. त्यावर लसूण किंवा कांदा घासण्याचा सल्ला आमच्या दुकानांतून सर्रास दिला जातो, आणि भाजलेली कातडी घेऊन माणसे दवाखान्यात जातात. लहान मुलांच्या डोक्यातील खवडे ही त्याहून गंभीर बाब आहे. बुरशीच्या संसर्गाने केस त्वचेलगत तुटतात, खवले धरतात, आणि काही मुलांत मऊ, पू भरल्यासारखी सूज येते. ही बुरशी केसाच्या आत शिरलेली असल्यामुळे वरून लावलेले तेल किंवा मलम पुरेसे पडत नाही आणि कित्येक आठवडे पोटातून औषध घ्यावे लागते, तेही बालरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. अशा मुलाचे डोके ज्या मशीनने साफ केले, त्याच मशीनने पुढच्या मुलाचे केस कापले, तर तो आजार आम्हीच घरोघरी पोहोचवतो.

मग उपचार काय करावेत? माझ्या मते थोडेच, आणि ते नेमके. कोंडा हा त्वचेवर राहणाऱ्या, चरबीवर जगणाऱ्या यीस्टशी निगडित असतो. म्हणून रात्रभर डोक्यात तेल मुरवून ठेवल्याने तो कमी न होता बहुधा वाढतो, हे आईच्या हातच्या तेलाविषयी मनात आदर ठेवूनच सांगावे लागते. केटोकोनॅझोल किंवा झिंक पायरिथिऑन असलेला शाम्पू कसा वापरायचा, त्वचेवर तीन ते पाच मिनिटे ठेवून मग धुवायचा, एवढे मार्गदर्शन प्रशिक्षित केशतज्ज्ञ करू शकते. उवा झाल्या, तर ओल्या केसांत बारीक दातांची फणी फिरवणे, औषध लावल्यास सात ते दहा दिवसांनी पुन्हा तपासणे, कारण लिखा फुटायला साधारण तेवढे दिवस लागतात, आणि फण्या-कंगवे ५४ अंश सेल्सिअसहून गरम पाण्यात पाच ते दहा मिनिटे बुडवून ठेवणे, हेही तिला करता येईल. घट्ट अंबाडा, कृत्रिम केसांच्या जडशीळ बटा आणि कपाळापासून ताणून घातलेल्या वेण्या यांनी केसांची पुढची रेषा मागे सरकते. नवरात्रात नऊ रात्री गरब्यासाठी असे केस बांधून घेणाऱ्या मुलींना एक दिवसाआड बांधणी सैल करायला सांगणे हासुद्धा उपचारच आहे, आणि तो वेळेवर झाला तर केस परत येतात. मात्र मिनॉक्सिडिल हे केसवाढीचे औषध सुचवणे, स्टेरॉइडचे मलम लावणे, सुया टोचणे, रक्त काढून त्यातील प्लाझ्मा डोक्यात सोडणे यांतले काहीही पार्लरमध्ये होता कामा नये. चकाकणारी आणि केसांची छिद्रे बुजलेली जागा, पू, वेदना, लहान मुलाच्या डोक्यातील टक्कल, किंवा भुवयाही विरळ होणे, यांपैकी काही दिसले तर कात्री खाली ठेवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे.

आमच्यामुळे होणारे आजार हा प्रशिक्षणाचा दुसरा भाग असायला हवा. काळ्या रंगातील पीपीडी या रसायनाची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीचा चेहरा रंग लावल्यावर डोळे मिटतील इतका सुजू शकतो, आणि काळी मेंदी म्हणून जी विकली जाते तिच्यातही बहुधा हेच रसायन मिसळलेले असते. रंगाच्या खोक्यावर आधी चाचणी करण्याची सूचना छापलेली असते. कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस थोडा रंग लावून ४८ तास थांबायचे असते, पण लग्नघाईत आलेले गिऱ्हाईक दोन दिवस थांबत नाही आणि आम्हीही त्याला थांबवत नाही. केस सरळ करण्याच्या काही द्रावणांतून उष्णतेने फॉर्माल्डिहाइड बाहेर पडते. ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात मोडते, आणि बंद वातानुकूलित खोलीत दिवसभर तो वास घेणारी मुलगी बहुधा वीस वर्षांचीही नसते. हेपटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकतो, म्हणून वस्तऱ्याचे पाते प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे हवे, हे आता बहुतेक सलूनमध्ये पाळले जाते. ही सवय लागू शकली, तर बाकीच्याही लागतील.

हे बडोद्यालाच आग्रहाने सांगण्याचे कारण आहे. याच शहरात १८९० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी कलाभवन स्थापन केले आणि रसायनशास्त्राचे प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली तिथे इतर कौशल्यांबरोबर कापड रंगवण्याचे शास्त्र शिकवले जाऊ लागले. हाताने काम करणाऱ्याला त्या कामामागचे विज्ञान समजले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. कापड रंगवणाऱ्याला रसायन शिकवण्याची गरज ज्या शहराला तेव्हा पटली, त्या शहरात माणसाचे डोके रंगवणाऱ्यांना आजही ते कोणी शिकवत नाही.

त्यासाठी नवी इमारत लागणार नाही. सयाजीराव सर्वसाधारण रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, त्याला वैद्यकीय महाविद्यालयाची जोड आहे, आणि गोरवा व तरसाली येथे औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. माझी सूचना अशी की, तीन महिन्यांचा वर्ग दुपारी एक ते चार या वेळेत घ्यावा, कारण तेव्हा दुकानांत गिऱ्हाईक तुरळक असते आणि ज्यांचे पोट रोजच्या कमाईवर आहे त्यांना सकाळ-संध्याकाळ सोडता येत नाही. शिकवण्याची भाषा गुजराती, हिंदी आणि मराठी असावी. एकेका वेळी दोघा-दोघांना त्वचारोग विभागात बसवावे आणि शेवटची परीक्षा लेखी नसावी. वीस डोकी दाखवावीत आणि यांपैकी कोणते डोके घरी पाठवाल, कोणाला सल्ला द्याल आणि कोणाला आजच डॉक्टरांकडे न्याल, एवढेच विचारावे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत नाभिक व्यवसाय आहे. तिच्या पाच ते सात दिवसांच्या मूलभूत प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. त्या दिवसांपैकी एक दिवस जरी डोक्याच्या त्वचेला दिला, तरी ही माहिती खेड्यातल्या पारावर बसणाऱ्या कारागिरापर्यंत पोहोचेल.

अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली माणसे रोग्यांचे नुकसान करतील, असे काही डॉक्टर म्हणतील, आणि त्यांची शंका मला रास्त वाटते. पण आज आम्ही हळकुंडाशिवायच उपचार करत आहोत. म्हणून वर्गात पहिल्या दिवसापासून हद्द शिकवली जावी, आणि डॉक्टरांकडे पाठवण्याची एक छापील चिठ्ठी असावी, जिच्यावर आजाराचे नाव न लिहिता काय दिसले, कुठे दिसले आणि कधीपासून दिसते एवढेच लिहायचे. अमेरिकेतील लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीय समाजाच्या ५२ केशकर्तनालयांत रक्तदाबाविषयी असा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. ज्या दुकानांत औषधतज्ज्ञ स्वतः येऊन औषध ठरवत होते, तिथे गिऱ्हाइकांचा वरचा रक्तदाब सहा महिन्यांत सरासरी २७ अंकांनी उतरला. जिथे केशकर्तनकाराने नुसते डॉक्टरांकडे जा असे सांगितले, तिथे तो सुमारे ९ अंकांनीच उतरला. यावरून मला असे वाटते की, चिठ्ठी पुरेशी नाही. महिन्यातून एक दुपार त्वचारोग विभागातील एखादे निवासी डॉक्टर रावपुरा, वाडी किंवा फतेहगंजमधील एखाद्या दुकानात येऊन बसले, तर जे लोक रुग्णालयाची पायरी चढत नाहीत, तेही खुर्चीत बसून डोके दाखवतील.

पैशाची बाजूही स्पष्ट लिहिते. जी बाई गिऱ्हाइकाला डॉक्टरांकडे पाठवते, तिची स्पाची बैठक जाते आणि तेलाच्या बाटलीवरचे कमिशनही जाते. प्रामाणिकपणाचा भुर्दंड तिने एकटीने सोसावा, ही अपेक्षा टिकणारी नाही. प्रशिक्षित केशतज्ज्ञाला डोके तपासण्याचे शंभर रुपये उघडपणे घेऊ द्यावेत. दहा मिनिटे लक्षपूर्वक पाहणे हेही काम आहे, हे एकदा गिऱ्हाइकाने मान्य केले की बाटली विकण्याची सक्ती उरत नाही.

आपण या विषयाला जागा द्यावी, आणि रुग्णालयाचा त्वचारोग विभाग, औद्योगिक प्रशिक्षण संस्था व शहरातील नाभिक समाजाची मंडळे यांनी एकत्र बसावे, यासाठी हे पत्र लिहिले आहे. माझ्या दुकानातील दोन खुर्च्या दुपारी एक ते चार रिकाम्या असतात, त्या पहिल्या वर्गासाठी मी विनामूल्य देईन. ज्या शिक्षिकेविषयी मी सुरुवातीला लिहिले, त्यांनी हे पत्र प्रसिद्ध होण्याआधी वाचले आहे आणि शिकणाऱ्या मुलींना आपले डोके दाखवायला त्या येणार आहेत.

आपली नम्र,
एक केशकर्तन व्यावसायिक
दांडिया बाजार, बडोदे